किंमत उतरली, सॉकेट लांबच राहिलं

जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही 13.99 लाखांना आली, तेव्हा विजेच्या मोटारीवरचा पहिला आक्षेप किमतीचा होता आणि तो खराही होता. पुढे त्याची धार कमी झाली. सप्टेंबर 2022 मध्ये टियागो ईव्ही 8.49 लाखांपासून मिळू लागली. 2024 मध्ये विंडसर ही गाडी बॅटरी भाड्याने देऊन 9.99 लाखांना आली. 2019 च्या ऑगस्टपासून या गाड्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलेलाच होता, आणि काही वर्षं कर्जाच्या व्याजावर आयकरातही सूट मिळाली. बहुतेक सवलत गाडीच्या किमतीवर खर्ची पडली. गाडी रात्री उभी कुठे राहणार, याचा विचार मागे पडला. या काळातली सर्वांत मोठी चूक मला हीच वाटते.

कारण गाडी परवडते की नाही, हे ती कुठे चार्ज होते त्यावर ठरतं. स्वतःच्या पार्किंगमधल्या 15 अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला साधारण तीन युनिट वीज गाडीत जाते. तीस युनिटची बॅटरी एका रात्रीत भरते आणि घरगुती विजेवर जीएसटीही नसतो. ज्याची गाडी रस्त्याकडेला उभी असते, त्याला सार्वजनिक चार्जर गाठावा लागतो. तिथला दर चढा, वर 18 टक्के जीएसटी. ज्याच्याकडे हक्काची जागा नाही, त्यालाच प्रत्येक किलोमीटर महाग पडतो.

दहा लाखांची गाडी घेणाऱ्याकडे पार्किंग असतंच, असं म्हटलं जातं. गिरगावातल्या चाळी आणि पुण्याच्या पेठांमधल्या रस्त्यांवर रात्री उभ्या असलेल्या मोटारींच्या रांगा पाहिल्या, तर हे पटत नाही. सोसायटीत जागा असली तरी मीटर रूमपासून तळघरापर्यंत केबल ओढायला कमिटीची परवानगी लागते. कमिटीची भीती निराधार नाही. दहा गाड्या एकदम लागल्या तर तीसेक किलोवॉटचा भार येतो. पण वाढीव भार मंजूर करून घेता येतो, रात्रीच्या वेळा वाटून घेता येतात. केंद्राच्या 2019 च्या नमुना उपविधींनी 20 टक्के पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय सांगितली, तीही मुख्यतः नव्या इमारतींच्या कामाची. दुसरा आक्षेप असा की सार्वजनिक चार्जर झपाट्याने वाढत आहेत. ते खरं आहे, पण शहरात दर तीन किलोमीटरच्या चौकोनात एक चार्जर हा केंद्राचा आधीचा निकष वाटेत बॅटरी भरण्यापुरता ठीक होता. रात्री गाडी तिथे लावून कोणी तीन किलोमीटर चालत घरी येणार नाही. राज्याच्या 2025 च्या धोरणाने अटल सेतू आणि समृद्धीवर टोलमाफी दिली. तिचा उपयोग गाडी आधीच दारात असलेल्यालाच. आता सवलतीचा पैसा गल्लीतल्या दिव्याच्या खांबापर्यंत यायला हवा. वीज तिथवर आलेलीच आहे; मीटर आणि सॉकेट तेवढं बसवायचं आहे, आणि त्या विजेवरचा 18 टक्के कर गाडीवरच्या कराइतकाच, 5 टक्के, करायचा आहे.