समजत होतं, पण केव्हा?

‘चोरी केली तर काय होतं, ठाऊक आहे?’ दिल्लीतलं सोळा वर्षांचं कुठलंही पोर याचं बरोबर उत्तर देतं. पोलीस, कोर्ट, आईची रडारड, सगळं घडाघडा सांगतं. कायद्याच्या कचाट्यात आलेल्या मुलांचं समुपदेशन हेच माझं काम, म्हणून सांगते, त्या उत्तरावर फार विसंबू नका.

कायदाही हाच प्रश्न विचारतो. दिल्लीतल्या निर्भया सामूहिक बलात्कार प्रकरणातला एक आरोपी अठराच्या आतला होता. त्यावरून उसळलेल्या संतापातून २०१५ चा बाल न्याय कायदा आला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर कलम १५ प्रमाणे बाल न्याय मंडळ त्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती तपासतं. मग खटला प्रौढासारखा चालवायचा का, ते ठरतं. गुरुग्राममधल्या शाळेतल्या २०१७ च्या खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं, मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरून मदत घ्यावीच लागेल. बरं झालं.

पण शांत खोलीत दिसणारी समज आणि रात्री बाइकवर, मागे दोस्त चिथावत असतानाची समज एक नसते. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशी अर्धी सरेपर्यंत घडत असतो. थराराला आणि दोस्तांच्या शाबासकीला भुलणारा भाग मात्र आधीच जोरात असतो.

त्यात ‘सोल्यूशन’. पंक्चरचं चिकट द्रव्य किंवा व्हाइटनरचा थिनर फडक्यावर ओतून हुंगायचा. का रे? ‘मॅडम, भूख नहीं लगती.’ त्यातलं टोल्युइन मज्जातंतूंचं आवरण खराब करतं. भूक वस्तीतली, इजा मेंदूतली, आणि उगारलेला हात पोलिसांच्या कागदावर. कुठल्या शास्त्राचा म्हणायचा हा मुलगा?

आनुवंशिकताही एकटी सगळं ठरवत नाही. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन इथे जन्मापासून पाहणी केलेल्या मुलांवरचा अभ्यास २००२ मध्ये आला. एमएओए या जनुकाचा कमी सक्रिय प्रकार असलेल्या मुलग्यांत, लहानपणी छळ झाला असेल तर, समाजविघातक वागणं जास्त दिसलं. छळ नसेल तर एकट्या जनुकाचा तसा परिणाम दिसला नाही. ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे ऐकवावंसं वाटतं.

परिविक्षा अधिकारी घरची माहिती लिहितो, मानसतज्ज्ञ मनाची, डॉक्टर शरीराची. कागद एकाच फायलीत लागतात, माणसं एकत्र बसत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. तोवर मी परिणामांचा प्रश्न शेवटी ठेवते. आधी विचारते, त्या दिवशी जेवला होतास? झोप झाली होती? डोक्याला कधी मार लागलाय? बरोबर कोण होतं?