सडपातळ देह, मेदभारित यकृत

मद्याचा स्पर्श नाही, आहार शुद्ध शाकाहारी, अंगकाठीही सडपातळ. तरीही सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा येतो आणि व्यापारी कुटुंब चक्रावून जाते. या कोड्याचे उत्तर अंशतः वंशपरंपरेत आहे.

अमेरिकेतील डॅलस येथील २००४ च्या पाहणीत हा विकार हिस्पॅनिक लोकांत ४५, गौरवर्णीयांत ३३, तर कृष्णवर्णीयांत २४ टक्के आढळला. या तफावतीशी निगडित एक जनुकभेद २००८ मध्ये उजेडात आला.

भारतीयांचे काय? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे मांडली. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१!

ही छुपी चरबी पोटात व यकृतात साठते. मग शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, रक्तातील साखर वाढू लागते आणि मधुमेह दाराशी येतो. पेढीवरील दिवसभराची बैठक, गोड चहा, मिठाई व तळलेले फरसाण त्यास हातभार लावतात.

केवळ वजनकाट्यावर विसंबणे म्हणजे देणी न पाहता उलाढालीवर समाधान मानणे होय. भारतीय पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. ती ओलांडली असल्यास वैद्यकीय तपासणी करावी आणि नित्य चालण्याचा नेम धरावा. वारसा बदलता येत नाही. दिनचर्या बदलता येते.