अंबरनाथची प्रयोगशाळा, पाणबुडीची वीज आणि आपली मुलं

शीळ-काटई रस्त्याने बदलापूरकडे येताना अंबरनाथ एमआयडीसीचा आनंदनगर भाग लागतो. कंपन्या, टँकर, नाकात बसणारा केमिकलचा वास. या भागात एक सरकारी प्रयोगशाळा आहे, तिचं नाव नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी, थोडक्यात एनएमआरएल. ती डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची आहे. १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत ती छोट्या स्वरूपात सुरू झाली, साठच्या दशकात डीआरडीओकडे गेली आणि पुढे अंबरनाथला आली. आपल्यापैकी कितीतरी जण रोज तिच्या भागातून कामाला जातात, पण आत काय चालतं हे विचारलं तर "काहीतरी नेव्हीचं आहे" एवढंच उत्तर मिळतं.

आत काय चालतं, त्यातली एकच गोष्ट सांगते. बॅटरी, वीज साठवणं आणि त्यातलं करिअर हा सगळा विषय त्यातून समजतो.

आपल्या नौदलाच्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. पहिली आयएनएस कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली. या पाणबुड्या डिझेलवर आणि बॅटरीवर चालतात. डिझेल इंजिनाला हवा लागते आणि पाण्याखाली हवा कुठून आणणार? म्हणून खाली असताना सगळं काम बॅटरीवर. घरी लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालतो ना, तसंच, फक्त बॅटऱ्या प्रचंड. बॅटरी उतरली की पाणबुडीला पृष्ठभागाजवळ यावं लागतं, नळी वर काढून हवा घ्यावी लागते, इंजिन चालवून चार्जिंग करावं लागतं. नेमकी त्याच वेळी ती शत्रूच्या नजरेत येते. पाणबुडीचा सगळा फायदा लपण्यात, आणि चार्जिंगसाठी डोकं वर काढावं लागतं.

यावर अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी फ्युएल सेल तयार केला. बॅटरीत वीज भरून ठेवावी लागते. फ्युएल सेलमध्ये एका बाजूने हायड्रोजन द्यायचा, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन. मध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं. दोन्ही वायू एकत्र येताना वीज तयार होते आणि मागे उरतं पाणी. जाळ नाही, धूर नाही, इंजिनाचा आवाजही नाही. पण हायड्रोजनच्या टाक्या पाणबुडीत भरून नेणं धोक्याचं. म्हणून या यंत्रणेत लागेल तेवढा हायड्रोजन पाणबुडीतच तयार केला जातो. ८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेचा जमिनीवरचा नमुना यशस्वीपणे चालवून दाखवला गेला. जास्त काळ चालवून पाहिलं आणि पूर्ण ताकदीनेही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकबरोबर सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. ही यंत्रणा बसवायचा पाणबुडीचा भाग बांधणं आणि तो पाणबुडीत जोडणं, हे त्या करारातलं काम.

आता मटेरियल सायंटिस्टचं काम यात नेमकं काय? वायू एकत्र येऊन वीज होते हे विज्ञान जुनं आहे, जवळपास पावणेदोनशे वर्षांचं. अडचण दुसरीच असते. दीडशे-दोनशे अंश तापलेल्या आम्लात वर्षानुवर्षं बसून न झिजणारी पट्टी कशाची करायची? प्लॅटिनम सोन्यासारखं महाग, मग ते कार्बनच्या कणांवर किती पातळ पसरवलं तर काम भागेल? आम्ल धरून ठेवायचं पण वायू आरपार जाऊ द्यायचे नाहीत, असा थर कशाचा? ही सगळी पदार्थाची कामं आहेत. शंभर वेळा भट्टीत भाजायचं, मोजायचं, फेकायचं, पुन्हा करायचं. ज्याला झटपट निकाल हवा त्याने या वाटेला जाऊ नये, हे मी मुलांना स्पष्ट सांगते.

मोबाईलची बॅटरीही अशीच घडली. तिच्यात ग्रॅफाइट असतं, पेन्सिलीच्या शिशातलं. पराठ्याच्या पदरांसारखे त्याचे पातळ पदर असतात. चार्ज करताना लिथियम त्या पदरांत जाऊन बसतं, वापरताना बाहेर येतं. हे पुन्हा पुन्हा करता येतं हे १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे दाखवून दिलं रशीद याझमी यांनी. ते मोरोक्कोच्या फेज शहरात जन्मलेले. २०१४ मध्ये त्यांना गुडइनफ, निशी आणि योशिनो यांच्याबरोबर अभियांत्रिकीतलं मोठं ड्रेपर पारितोषिक मिळालं. २०१९ मध्ये लिथियम बॅटरीसाठी रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं, याझमी त्यात नव्हते. नोबेल एका वेळी तिघांनाच देतात. पण आज जवळपास प्रत्येक खिशात ग्रॅफाइट आहेच.

आपल्या राज्यातही काम चाललंय. पुण्याच्या आयसर संस्थेतले सतीशचंद्र ओगले पुणे विद्यापीठात शिकवत होते, मग अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात, नंतर पुण्याच्याच एनसीएलमध्ये. लिथियमऐवजी सोडियम, म्हणजे मिठातलं मूलद्रव्य, वापरून बॅटरी करण्यावर त्यांच्या गटाने काम केलं आणि १३ डिसेंबर २०२३ रोजी केपीआयटी कंपनीने ते तंत्रज्ञान जाहीर केलं. मीठ आपल्याकडे भरपूर आहे, लिथियम मात्र बाहेरून येतं. ई-रिक्षावाल्यांना याचा अर्थ लगेच कळेल.

मग आपल्या मुलांनी काय करायचं? आपल्याकडे दहावीला चांगले मार्क पडले की नीट, नाही जमलं तर फार्मसी, आणि मुलगी असेल तर "बारावी झाली, आता बघू". ही तिसरी वाट कुणी सांगतच नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांची एक जादा अडचण असते. दहावीपर्यंत "बर्क़ी रौ" आणि "तकसीद" शिकलेलं मूल अकरावीत बसलं की एकदम "करंट" आणि "ऑक्सिडेशन". मूल हुशार असतं, फक्त शब्द अनोळखी असतात. नववीपासून एका वहीत उर्दू, मराठी आणि इंग्रजी शब्द शेजारी शेजारी लिहायला लावले तर अकरावीची पहिली सहामाही वाचते. हे मी वर्गात करून घेते आणि फरक दिसतो.

पुढची वाट अशी. बारावी सायन्सला गणित सोडू नका. मग उल्हासनगरच्या चांदीबाई किंवा तलरेजा कॉलेजात केमिस्ट्री-फिजिक्स घेऊन बीएस्सी करता येतं, लोकलच्या पासवर, घरचं जेवण जेवून. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी जॅम परीक्षा दिली तर आयआयटीत एमएस्सी मिळू शकतं. आयआयटी मुंबईसाठी कांजूरमार्गलाच उतरायचं आहे. बारावीनंतर थेट जायचं तर आयसरची आयएटी परीक्षा, किंवा सीईटीतून पुण्याच्या सीओईपीत मेटलर्जीचं इंजिनीअरिंग. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांनाही दार बंद नाही. डीआरडीओची सेप्टॅम परीक्षा तंत्रज्ञांसाठी आणि तांत्रिक सहाय्यकांसाठीच असते.

खर्चाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने बंद केल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, कारण तिचा आधार सर्वांत जास्त पहिल्या पिढीच्या मुलांना होता. पण तेवढ्यावर वाट संपत नाही. सीएसआयआर-नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, त्यानंतर ४२,००० रुपये, वर घरभाड्याचा भत्ता. हे कर्ज नाही, परत द्यायचं नाही. म्हणजे पीएचडी करणारी मुलगी घरावर ओझं नसते, उलट घरात पैसे देऊ शकते.

अब्बू लोक हळू आवाजात आणखी एक प्रश्न विचारतात: "मॅडम, डिफेन्सच्या जागी आपल्याला घेतात का?" शास्त्रज्ञाच्या बऱ्याच जागांसाठी तिथे गेटचे गुण पाहतात, मग मुलाखत होते. निवड झाल्यावर पोलीस पडताळणी होते, ती प्रत्येकाचीच होते. रामेश्वरमचे अब्दुल कलाम १९५८ मध्ये याच डीआरडीओत रुजू झाले होते आणि पुढे तिचे प्रमुखही झाले. अर्ज भरलाच नाही तर नाव यादीत येणार कुठून? जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. ज्यांची मुलं आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांनी जातीचा, उत्पन्नाचा दाखला जो लागू असेल तो आत्ताच काढून ठेवावा. तहसील कार्यालयात ऐन वेळी किती चकरा होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.