बाळापूर ते मालवण: स्वस्तातला मुक्काम
मालवण-तारकर्लीतला स्वस्त मुक्काम म्हणजे बहुधा ‘न्याहारी व निवास’: माडांच्या वाडीतल्या दोन-चार खोल्या, शेजारीच घरमालकाचे बिऱ्हाड आणि त्यांच्याच स्वयंपाकघरातले जेवण. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. बाळापूरकरांसाठी अकोल्याला थांबणारी नागपूर–मडगाव विशेष गाडी सोयीची. कुडाळला उतरून एसटीने मालवण सुमारे ३० किलोमीटर.

खोली पाहताना वऱ्हाडी नजर आधी कूलर शोधते. अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो जीव वाचवतो, कारण पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेतली जाते. किनाऱ्यावर हवाच बाष्पाने भरलेली, त्यामुळे पाणी नीट उडत नाही आणि गारवा येत नाही. तिथे समोरासमोरच्या खिडक्या, जोरकस पंखा, मच्छरदाणी आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर, हेच खरे सुख. ओले कपडेही दोन दिवस वाळत नाहीत. जास्तीचा जोड हवाच.

मे, दिवाळी आणि डिसेंबरअखेर भाडे चढते. पावसाळ्यात उतरते, पण तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने ताजी सुरमईही दुर्मीळ. शाकाहारी ताटात काळ्या वाटाण्यांची उसळ आणि सोलकढी मात्र बारमाही.