पाटात सोडू नका, प्लीज!

तुमच्या घरी फिश टँक आहे? मग हा किस्सा तुमच्यासाठीच.

सोनईला माझा मावसभाऊ राहतो. अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले, तर त्याच्या टँकमधले सगळे गप्पी मासे गायब! उरला होता फक्त एक निळा पठ्ठ्या, कोपऱ्यात दोन्ही नांग्या उगारून बसलेला. दुकानदारानं 'लॉबस्टर' म्हणून विकलेला. प्रत्यक्षात तो होता क्रेफिश.

"ताई, याला पाटात सोडून देतो. मोकळं जगू दे बिचाऱ्याला," भाऊ म्हणाला. पाट म्हणजे मुळा धरणाचा उजवा कालवा. नेवासा तालुक्यातला ऊस याच पाण्यावर उभा आहे. खरं सांगते, मलाही ही आयडिया आवडली होती. सहज म्हणून क्रेफिशबद्दल वाचायला घेतलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

हा आहे तरी कोण?

क्रेफिशला मराठीत रुळलेलं नाव नाही, कारण तो आपल्याकडचा नाहीच. दिसतो समुद्रातल्या लॉबस्टरच्या धाकट्या भावासारखा, पण आयुष्यभर राहतो गोड्या पाण्यात. जगात त्याच्या साडेसहाशेहून जास्त प्रजाती आहेत. निम्म्याहून अधिक एकट्या उत्तर अमेरिकेत. बाकीच्या युरोप, पूर्व आशिया, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इकडे. मादागास्करमध्येसुद्धा आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर एकमेकांना जोडलेले होते, तरी भारतात स्थानिक क्रेफिश एकही नाही. गंमत आहे ना?

आता दुसरी बाजू बघा. 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी 590 प्रजातींचा आढावा घेतला, तेव्हा त्यातल्या 32 टक्के नष्ट होण्याच्या धोक्यात निघाल्या. टास्मानियातला महाकाय क्रेफिश हा गोड्या पाण्यातला जगातला सर्वांत मोठा अपृष्ठवंशी प्राणी. त्याची मादी वयात यायलाच चौदा वर्षं लागतात! 1998 पासून तिथं त्याला पकडायला बंदी आहे.

म्हणजे एकीकडे कित्येक क्रेफिश संपत चाललेत आणि दुसरीकडे काही मोजक्या जाती जगभर धुमाकूळ घालतायत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे.

"एकटाच तर आहे!"

युरोपात एकोणिसाव्या शतकात क्रेफिशवर एक रोग आला. बुरशीसारख्या जिवामुळे होणारा. अमेरिकन क्रेफिश हा रोग अंगावर घेऊन मजेत फिरतात, युरोपातले मात्र पटापट मरतात. स्थानिक क्रेफिश कमी झाले, म्हणून लोकांनी त्यांच्या जागी आणले कोण? अमेरिकन क्रेफिशच! रोग आणखी पसरला.

जपानमध्ये 1927 साली अमेरिकेतला लाल क्रेफिश आणला गेला, तोही बेडकांना खाद्य म्हणून. पुढे तो मुलांचा लाडका पाळीव प्राणी झाला आणि देशभर पसरला. शेवटी जून 2023 पासून तिथं त्याच्या विक्रीवर आणि त्याला बाहेर सोडण्यावर बंदी आली. आधीपासून पाळलेला घरात ठेवायला मात्र परवानगी आहे. हा लाल क्रेफिश पाणवनस्पती, गोगलगायी, माशांची अंडी असं मिळेल ते खातो. काठाच्या मातीत बिळं करतो. पाटाच्या भरावाचं काय होईल, विचार करा.

हे सगळं सांगितल्यावर भावाचा पॉइंट होता, "पण ताई, हा एकटाच तर आहे!"

त्याचंही उत्तर मिळालं. 1990 च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टँकमध्ये मार्बल्ड क्रेफिश नावाची जात सापडली. यात सगळ्या माद्याच. नर लागतच नाही. प्रत्येक पिल्लू आईचं क्लोन. एक मादी पाण्यात सुटली तरी खेळ सुरू! मादागास्करमध्ये ही जात पोचली आणि भाताच्या खाचरांत, नद्यांत पसरली. आमचा निळा नेमका कुठल्या जातीचा, हे तर दुकानदारालाही सांगता आलं नव्हतं.

आणि पाटाचं पाणी पाटातच थांबत नाही. ओढ्यानाल्यांतून ते पुढं प्रवरेला, गोदावरीला, तिथून नाथसागराला मिळतं. चिलापी आठवते? 1952 मध्ये हा आफ्रिकन मासा भारतात आणला गेला. आज उजनीवर जाऊन बघा, जाळ्यात काय येतं ते.

आपला हीरो वेगळाच

मग आपल्या पाण्यात क्रेफिशचं काम कोण करतं? आपला खेकडा! सडलेला पाला, मेलेले जीव खाऊन तो ओढा साफ ठेवतो. स्वतः बगळ्यांचं, पाणमांजरांचं खाणं होतो. दख्खनच्या खेकड्यांवर 1836 मध्येच लंडनमध्ये लेख छापून आला होता. 2016 मध्ये आपल्या सह्याद्रीतून खेकड्यांच्या पाच नव्या प्रजाती जगासमोर आल्या. तरीही आपल्याला खेकडा आठवतो तो रश्श्यात, नाहीतर 'एकमेकांचे पाय ओढणारा' म्हणून. 2019 मध्ये कोकणातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खापरही त्याच्यावरच फुटलं होतं.

गोड्या पाण्यातल्या खेकडीची पिल्लं अंड्यातून थेट छोटे खेकडे होऊनच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात. क्रेफिशचंही असंच असतं. समुद्री खेकड्यांसारखी त्यांची पिल्लं पाण्याबरोबर दूरवर वाहत जात नाहीत. म्हणून एखाद्या ओढ्यातले खेकडे संपले, की ते सहज परत येत नाहीत. 2009 च्या जागतिक आढाव्यात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या जवळपास निम्म्या प्रजातींबद्दल पुरेशी माहितीच नव्हती. जे आपण मोजलंच नाही, ते संपलं तरी आपल्याला कळणार कसं?

तुम्ही काय करू शकता?

- क्रेफिश, कासव, मासे… टँकमधला कुठलाही जीव नदी, विहीर, पाटात सोडू नका. नको असेल तर दुकानात परत करा किंवा पाळणाऱ्याला द्या.
- टँकचं पाणी ओढ्यात ओतू नका, कुंडीत घाला.
- विकत घेण्याआधी जात विचारा. सांगता येत नसेल तर घेऊ नका.
- पावसाळ्यात बॅटरी घेऊन खेकडे धरायला जाताय? पोटाखाली अंडी किंवा पिल्लं असलेली खेकडी सोडून द्या, तीही जिथं धरली तिथंच.

आमचा निळा आता वेगळ्या टबमध्ये आहे, वर जाळी लावून. कारण हे महाशय टँकमधून चढून बाहेर पडण्यातही पटाईत! भाऊ त्याची ओळख करून देतो, 'सोनईचा पहिला आणि शेवटचा क्रेफिश.' पहिला आहे की नाही माहीत नाही. शेवटचा मात्र नक्की असू दे.