निजलेल्या संगणकास हाक

आमच्या विभागाचा संगणक तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्या संगणकात जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे आहेत. आमच्याच विद्यार्थ्यांनी ती गावोगावी हिंडून मिळविली. गाणाऱ्या आजीबाईंनी ती विभागाबाहेर जाऊ नयेत या अटीवर दिली, म्हणून त्यांची प्रत दुसरीकडे कोठेही ठेवलेली नाही. सुटीत घरी बसून, सरांच्या परवानगीने, मी दुरून त्या संगणकाशी जोडून घेतो आणि ओव्या ऐकून उतरवून काढतो. मात्र काही वेळ काम नसले की तो संगणक झोपी जातो. मग शिपाईमामांना फोन करावा लागे. मामांचे गुडघे दुखतात. मे महिन्यात एके दिवशी ते तीनदा जिने चढले. तिसऱ्या खेपेस फोनवर काही बोलले नाहीत, नुसता श्वास ऐकू आला. निजलेल्या संगणकाला दुरून उठविता येते असे मी ऐकून होतो. ते शिकून घ्यायचे मी त्याच दिवशी ठरविले.

संगणक झोपला तरी तो सगळा झोपत नाही. जेथे नेटवर्कची केबल खोचलेली असते त्या कार्डाला थोडीशी वीज मिळत राहते आणि ते कानोसा घेत असते. त्याला एक ठरावीक निरोप कळतो. त्याचे नाव ‘मॅजिक पॅकेट’. एएमडी या कंपनीने १९९५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. निरोपात जादू काही नाही. आरंभी २५५ ही संख्या सहा वेळा, आणि पाठोपाठ त्या कार्डाचा सहा बाइटांचा मॅक पत्ता सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. हा निरोप बहुधा जाळ्यातील सर्वांना एकदम पाठविला जातो. हजेरी चालू असताना शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारा आपला मित्र दुसऱ्या कोणाच्याही नावाने हलत नाही आणि स्वतःच्या नावाने दचकून उभा राहतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की कार्ड ‘हजर’ म्हणत नाही. निरोप पोहोचला की वाटेत हरवला, हे पाठविणाऱ्याला कळण्याची सोय नाही.

खरी अडचण हीच आहे. घरून पन्नास वेळा निरोप पाठवला तरी पन्नासही वेळा शांतता, आणि त्या शांततेतून दोष कोठे आहे ते उमगत नाही. म्हणून आधी अंतर काढून टाकावे. मी कॉलेजात गेलो आणि शेजारच्या टेबलावरून, त्याच जाळ्यातून, निरोप पाठविला. संगणक ढिम्म! म्हणजे निदान पहिला दोष त्या खोलीतच होता. घरच्या इंटरनेटला मी उगाच बोल लावीत होतो.

मग मागे वाकून पाहिले. झोपलेल्या संगणकाच्याही केबलपाशी बारीक दिवा लुकलुकायला हवा; येथे अंधार होता. कार्डाला वीजच मिळत नव्हती. संगणक सुरू होताना ‘बायॉस’ची जी पाने उघडता येतात, तेथे वीजबचतीची एक सोय असते. काही यंत्रांवर तिला ‘ईआरपी’ म्हणतात. युरोपातील वीजबचतीच्या नियमांवरून हे नाव आले आहे. ती चालू असली की कार्डाचा तो थेंबभर पुरवठाही तुटतो. ती बंद केली आणि नेटवर्कवरून जागे होण्याची परवानगी त्याच पानावर दिली. दिवा लागला.

तरी संगणक उठेना. येथे माझी फजिती सांगितलीच पाहिजे. संगणकाला दोन मॅक पत्ते होते, एक केबलचा आणि एक वायफायचा. मी इतके दिवस वायफायच्या पत्त्याला हाका मारीत होतो! पत्ता बदलताच पडदा उजळला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संध्याकाळी कोणीतरी संगणक रीतसर बंद करून गेले होते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. तिच्यामुळे ‘शटडाउन’ केलेला संगणक पुरता बंद होत नाही. अर्धवट अवस्थेत जातो, आणि त्या अवस्थेत विंडोज कार्डाला जागे करण्याचे काम देत नाही. ती सोय काढली. कार्डाच्या गुणधर्मांत ‘संगणकास उठविण्याची मुभा’ ही खूण केली आणि ‘केवळ मॅजिक पॅकेटनेच’ हीसुद्धा केली. दुसरी खूण विसरू नये. ती नसेल तर जाळ्यातल्या इतर निरोपांनीही संगणक मध्यरात्री जागा होऊ शकतो आणि रखवालदाराला भुताटकीची शंका येते.

आता राहिले घरचे अंतर. येथला अनुभव मोठा चमत्कारिक. संगणक झोपल्यावर लगेच निरोप पाठविला तर तो उठे. अर्ध्या तासाने पाठविला तर उठत नसे. कारण असे, की बाहेरून आलेला निरोप राउटरने कोणत्या कार्डाकडे द्यायचा याची नोंद त्याच्यापाशी थोडाच वेळ टिकते. नोंद पुसली की तो जाळ्यात विचारतो, “हा पत्ता कोणाचा?” निजलेला उत्तर देत नाही, आणि राउटर निरोप टाकून देतो. बाहेरूनच सर्वांना एकदम हाक द्यावी, तर १९९९ पासून राउटरांनी असे निरोप मुळातच अडवावेत असा संकेत आहे. त्यांचा उपयोग करून दुसऱ्यांची जाळी तुंबविण्याचे उद्योग झाले होते, म्हणून हा बंदोबस्त.

तेव्हा हाक आतूनच दिली पाहिजे. विभागात तळहाताएवढा एक संगणक आम्ही सतत चालू ठेवला. त्याला वीज नाममात्र लागते. मी घरून सुरक्षित मार्गाने त्याच्यापर्यंत जातो, आणि शेजाऱ्याला उठविण्याचे काम तो करतो.

एक गोष्ट पावसाळ्यात ध्यानात आली. वीज जाऊन आली की मोठ्या संगणकाचे कार्ड आपले काम विसरते. एकदा संगणक पुरता सुरू झाल्यावाचून ते पुन्हा कानोसा घेत नाही. बायॉसमध्ये ‘वीज परतताच सुरू व्हावे’ अशी एक निवड आहे. ती करण्यासाठी जुलैमध्ये जिने चढलो तेव्हा मामा तळमजल्यावर चहा घेत होते. “आज तुम्हीच का?” एवढेच त्यांनी विचारले.