कॉर्डिलेराला नेमकं काय हवं?

फिलिपिन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र आणि नारळ येतात. लुझोन बेटाच्या उत्तरेचा कॉर्डिलेरा मात्र अस्सल डोंगरी मुलूख. त्याला स्वायत्त प्रदेश करण्याची चर्चा निघाली की ठरावीक गैरसमज डोकं वर काढतात.

‘यांना देशातून फुटायचंय.’ मुळीच नाही. मुस्लिम मिंदानाओ आणि कॉर्डिलेरा असे दोन स्वायत्त प्रदेश करावेत, हे १९८७ च्या राज्यघटनेतच लिहिलंय, तेही देशाची अखंडता राखून. २०१८ च्या संघराज्यासाठीच्या नव्या घटनेच्या मसुद्यातही दोघांना खास स्थान होतं. तो मसुदा बारगळला.

‘स्वायत्तता तर मिळालीय!’ १५ जुलै १९८७ ला झाला तो फक्त प्रशासकीय प्रदेश, स्वायत्तता येईपर्यंतची सोय. मांडव तात्पुरता घातला आणि संसार अजून त्यातच चाललाय.

‘लोकांनीच दोनदा नाकारली.’ हे खरं. १९९० च्या सार्वमतात एकट्या इफुगाओ प्रांताने होकार दिला, १९९८ च्या सार्वमतात एकट्या अपायाओने. आणि एका प्रांताचा प्रदेश होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पहिल्याच वेळी बजावलं. पण नाकारले गेले ते स्वायत्ततेचे दोन कायदे. घटनेतली तरतूद जागेवरच आहे.

‘सगळे इगोरोत, एकच जमात.’ सगळ्यात मोठी चूक ही. इबालोई, कांकानाएय, बोंतोक, कलिंगा, इस्नेग. प्रत्येकाची बोली निराळी. हिणवायला वापरला गेलेला ‘इगोरोत’ हा शब्द काहींनी अभिमानाने उचलला, तर बरेच कलिंगा आणि इफुगाओ तो स्वतःला लावून घेत नाहीत. इथे माणसाची पहिली ओळख म्हणजे त्याची ‘इली’, त्याचं गाव. कलिंगात दोन गावं आपसात ‘बोदोंग’ करतात, म्हणजे शांततेचा करार. हद्द कुठली, रक्त सांडलं तर भरपाई किती, पाहुण्याची जबाबदारी कोणाची, हे सगळं त्याच्या ‘पग्ता’त, म्हणजे नियमांत ठरलेलं असतं. हुकूमशहा मार्कोस यांचं सरकार चिको नदीवर धरणं बांधायला निघालं तेव्हा एरवी भांडणारी गावं याच बोदोंगच्या धाग्याने एकत्र आली. विरोधाचे म्होरके माक्लीइंग दुलाग यांना २४ एप्रिल १९८० ला सैनिकांनी गोळ्या घातल्या. धरणं सरकारला सोडून द्यावी लागली.

‘सरकारी डोंगरावर हक्क सांगतात.’ मातेओ कारिन्यो या इबालोई माणसाच्या आजोबांनी बेंगेतमध्ये गुरांसाठी कुंपण घातलेली जमीन होती, कागद मात्र नव्हता. १९०९ मध्ये, तेव्हा इथे राज्य करणाऱ्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती त्याचीच ठरवली. फिलिपिन्सच्या संसदेला मूळनिवासींच्या हक्कांचा कायदा करायला १९९७ उजाडलं.